जत्रेतलं माहेर
ओल्या लोकरीचा वास आला की कोळवणची जत्रा आठवते. आई तिथं लोकरीचे गोंडे विकायची, शेजारी आमचं कोकरू बांधलेलं असायचं. एका वर्षी तमाशात नाचणारी एक बाई गोंडे बघायला आली आणि कोकराला मांडीवर घेऊन बसूनच राहिली. "माझ्या माहेरी लई मेंढरं हायेत," ती म्हणाली. "मग जात न्हाईस का?" आईनं विचारलं. "नाचाया लागल्यापासनं घरात घेत न्हाईत." आईनं एक लाल गोंडा तिच्या मनगटाला बांधला. "फुडच्या जत्रंला आमच्याकडं जेवाया ये. त्येच तुजं म्हायेर समज." पुढच्या वर्षी पुरणपोळ्या केल्या, पण फड दुसराच आला होता. तरी आई तंबूमागं जाऊन एकेकीचं तोंड बघून आली. आता आई नाही, मेंढरंही नाहीत. पण जत्रेला गेले की माझेही पाय तिकडंच वळतात.