उधाणाच्या दिवशी मोजणी

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी आमचा टेम्पो काठ्यावर रुतला. काठा म्हणजे खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध. पेणच्या खारेपाटात आमचा रस्ताही तोच. निरोप द्यायला आलेली माणसं, निरोप राहिला बाजूला, टेम्पो ढकलायला लागली. मी मात्र मागे कपाटाला टेकून, गावाकडे बघत, डोळे भरून आणायच्या कामात गुंतलो होतो. तेवढ्यात वडिलांचे चुलतभाऊ दामूकाका ओरडले, "अरे रडतोस काय? उतर आनि ढकल! रोह्याला चाललायस, दुबईला नाय!"

खरंच आहे. हे वाचणाऱ्या तुमच्यातले कितीतरी जण मस्कतला, दोह्याला गेले, आणि मी गेलो शेजारच्या तालुक्यात. स्थलांतराच्या आठवणी लिहायचा माझा हक्क तसा तोकडाच. पण काठा फुटून खांड पडली, खारं पाणी आत आलं आणि खांडीला लागून असलेलं आमचं शेत सगळ्यात आधी बुडालं. वडील त्याआधीच वारले होते. रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत नोकरी लागली, वरसेला ब्लॉक घेतला आणि आईला घेऊन मी तिकडचा झालो.

वरसेला सगळं आहे. नळाला गोडं पाणी, जिन्याला लाइट, कोपऱ्यावर चायनीजची गाडी. आईची तक्रार एकच, आणि ती कुंडलिकेबद्दल: "ही नदी नुसती जातेच रे. गेलेलं पानी परत म्हनून येत नाय." गावात भरती-ओहोटीवर जेवणवेळा ठरायच्या. तिथी तोंडपाठ नसलेला माणूस शेतात जायचाच नाही, कारण गेला तर पोहत परत यायचा. इथे माझा महिना फर्स्ट, सेकंड आणि नाइट शिफ्ट एवढाच. आज एकादशी की चतुर्थी, हे मी उपवासाच्या खिचडीच्या वासावरून ओळखायला लागलो.

मग एक दिवस दामूकाकांचा फोन आला. काठा नव्याने बांधायचं ठरलं होतं. पण खांड इतकी खोल झालेली की काठा जुन्या जागेवर उभा राहीना. तो आत ओढायचा होता, आणि तसा ओढला की आमचं शेत बाहेर पडत होतं. बाहेर म्हणजे कायमचं खाडीत. सातबाऱ्यावर आईचं आणि माझं नाव राहील, भाताचा दाणा मात्र पुन्हा दिसायचा नाही. "लग्न झाल्यावर पयली लावनी मी तिथंच केली," आई एवढंच म्हणाली आणि ताटावरून उठली.

आता कंपनीत इन्स्पेक्शनच्या फाइली लावून लावून माझी अशी समजूत झालेली की कागद पुरे असले की जगात काहीही होतं. शेत काठ्याच्या आत ठेवायचंच म्हणून मी कामाला लागलो. सातबारा काढला, फेरफार काढले. पणजोबांचं मोडीतलं खरेदीखत जाणकाराकडून वाचून घेतलं. चतुःसीमा ऐकून छाती फुगली: पूर्वेस खाडी, पश्चिमेस पायवाट, उत्तरेस उघाडी, दक्षिणेस अमक्याचं शेत. नंतर लक्षात आलं, पायवाट बुडाली, शेतातलं पाणी खाडीत सोडायची उघाडी वाहून गेली, अमक्याचं शेतही पाण्यात. सध्या आम्हाला चारी दिशांना खाडीच होती. म्हणून सरकारी मोजणीचा अर्ज टाकला आणि विनंती करून करून तारीख नेमकी माझ्या वीकली ऑफला घेतली. आईला सांगितलं थेट आदल्या दिवशी, मोठ्या रुबाबात.

भर दुपारी काठ्यावर पोचलो. मोजणीदार साहेब मशीन घेऊन हजर, शेजारचे शेतकरी हजर, दामूकाका टोपीखाली हसू दाबत हजर. शेत तेवढं नव्हतं. तिथे समुद्रासारखं पाणी लाटा मारत होतं.

"आज आवस," आई शांतपणे म्हणाली.

खारेपाटातल्या माणसाने अमावस्येला, ऐन उधाणाच्या दुपारी, जमिनीची मोजणी लावली होती! साहेबांनी विचारलं, "मशीन कुठे उभं करू? होडीत?"

मी दामूकाकांवर घसरलो. "तुम्हाला नोटीस आली होती ना? सांगायचं तरी!"

"आली तवाच तर सगळा गाव हसला. म्हटलं, कंपनीवाला हाय, पानी बंद करायची चावी आनत असल."

"आणि आई, तू?"

"तू इचारलंस कुठं?"

साहेबांनी 'पाण्यामुळे मोजणी झाली नाही' असं लिहून सही घेतली आणि वडापाव खाऊन ते गेले. लोक मात्र हलेनात. एवढी माणसं जमलीच होती आणि वर्षातलं मोठं उधाण समोर होतं. पाणी भरत भरत आलं आणि एका जागी थांबलं. एवढ्या पाण्यातही एक लांबट उंचवटा कोरडा राहिला होता. आई पदर खोचून, गुडघाभर पाण्यातून त्यावर जाऊन उभी राहिली.

"भावजी, हा आमचा मधला बांध. ह्यांनी घातलेला. अर्धा शेत ह्याच्या पल्याड, अर्धा अल्याड."

दामूकाकांनी पाण्याकडे बघितलं, उंचवट्याकडे बघितलं. हसू गेलं. "व्हय गो वैनी. उधानातपन हितं पानी चढत नाय. काठा हितनंच न्यायला हवा. पन मग तुजा अर्धा शेत जाईल. आनि बांधाखाली जाईल तो येगळा."

मी फाइल उघडायला लागलो. आईने माझ्याकडे बघितलंही नाही. "जाऊ दे. काठा माज्या शेतातनं न्या. आत राहील तेवढा मी लावीन."

काठा झाला. मीही रजा टाकून चिखल वाहिला, दोनदा खाडीत पडलो, आणि दोन्ही वेळचे फोटो गावाच्या ग्रुपवर अजून फिरताहेत. पहिल्या वर्षी भात खुरटा आला. दुसऱ्या वर्षी बरा. सातबाऱ्यावर क्षेत्र अजून पूर्ण आहे. निम्म्यावर खेकडे राहतात, त्यांची वारस नोंद बाकी आहे.

ऑफ मिळाला की आईला घेऊन जातो. आता गावात जाणारा-येणारा प्रत्येक जण काठ्यावरून, म्हणजे आमच्या जमिनीवरून जातो. वरसेच्या जिन्यात कुणाला "कुठं चाललात?" असं विचारलं तर माणूस वर-खाली बघतो. इथे आई काठ्यावर मधोमध बसते आणि एकेकाला थांबवून तेच विचारते. लोक थांबतात, सायकलवरून उतरतात, पोराचं लग्न, सुनेचं बाळंतपण सगळं सांगतात. सांगावंच लागतं. तिच्या घरातून चाललेले असतात ना.