हाडांना वजन लागतं

"दे गं इकडे. हाडांना वजन लागतं."

एवढं बोलून काका हातातली पिशवी काढूनच घ्यायचे. चंदनसारमधल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट कायम बंद. मी चौथ्या मजल्यावर, ते दुसऱ्यावर. त्यांच्या दारासमोरच्या जिन्यात उभेच असायचे. तुमच्याही जिन्यात असं कुणीतरी असतं बघा, नेमकं आपल्या घाईच्या वेळी गाठणारं. पहिल्यांदा तर मला रागच आला. सत्तरी ओलांडलेला माणूस आगाशीच्या नारळांची पिशवी घेऊन पुढे, आणि मी धडधाकट बाई मोकळ्या हातांनी मागे. शोभतं का हे? पण ते दारात पिशवी ठेवून पाण्यालाही न थांबता उतरायचे.

हे खूळ आलं कुठून, म्हणून एकदा विचारलंच. टीव्हीवर त्यांनी परत आलेले अंतराळवीर पाहिले होते. चांगले तगडे गडी, पण यानातून त्यांना खुर्चीत बसवून उचलून नेलं. वर अंतराळात अंगावर भारच पडत नाही, म्हणून हाडं झिजतात. रक्त वर ढकलायचे कष्ट नाहीत, म्हणून हृदयही सुस्तावतं. खाली येऊन उभं राहिलं की चक्कर येते. बिचारे तिथे अंगाला पट्टे बांधून रोज धावतात म्हणे.

मी म्हटलं, "काका, तुम्ही कधी जाऊन आलात अंतराळात?"

ते हसले नाहीत, काकूंबद्दल सांगू लागले. काकूंना मी पाहिलं नव्हतं, आम्ही राहायला येण्याआधीच त्या गेल्या. कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. कूस बदलायला, आंघोळीला, संध्याकाळी खिडकीत बसवायला काका त्यांना दोन्ही हातांनी उचलायचे.

"ती गेली आणि हातांना कामच उरलं नाही," ते म्हणाले. "त्या माणसाला खुर्चीतून नेताना बघितलं, तेव्हा कळलं मला काय झालंय ते."

दुसऱ्या दिवशी दुधाच्या पिशवीसकट सगळं त्यांच्या हातात दिलं.

मग सोसायटीने नवीन लिफ्ट बसवली. सेक्रेटरींनी पेढे वाटले. मीही खाल्ला, खोटं कशाला बोलू, गुडघे माझेही दुखतात. पण आता जिन्याने येणार कोण? काका तरीही तिथेच उभे राहायचे. लिफ्टच्या दाराच्या काचेतून क्षणभर दिसायचे, आणि आम्ही वर निघून जायचो.

ते मला बघवेना. दर शनिवारी मी मुद्दाम जिन्याने यायला लागले. भोपळा, सुरण, नारळ, जे जड मिळेल ते आणायचं. एवढं खाणार कोण, म्हणून नवरा वैतागायचा. काकांना सगळं कळत होतं. एकदा पिशवी हातात तोलून म्हणाले, "आज कमी आणलंस." पण आठवड्याचे बाकीचे दिवस ते एकटेच उभे असत, आणि त्याला माझ्याकडे इलाज नव्हता.

माघात एका पहाटे ते झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. पुण्याहून मुलगी आली. खाली न्यायची वेळ झाली तेव्हा लिफ्टमध्ये झोपवून नेता येईना. कुणीतरी सुचवलं, खुर्चीत बसवू आणि लिफ्टने नेऊ, पटकन होईल.

"खुर्चीत नको," मी म्हणाले. एवढ्या माणसांत माझा आवाज मलाच मोठा वाटला. "हातांवर न्या."

मग सेक्रेटरीच पुढे झाले. चौघांनी चादरीचे कोपरे धरले आणि काकांना जिन्याने उतरवलं. खालून सेक्रेटरींचा आवाज आला, "किती हलके झाले होते हो." मला रडू आवरेना.

त्या शनिवारीही मी जिन्याने आले. दुसऱ्या मजल्यावर पिशवीचा हात आपोआप पुढे झाला. काकांच्या दाराला कुलूप होतं. मग नारळ चौथ्या मजल्यापर्यंत मीच नेले. फार जड होते.