जाहिरातीपुरता वेळ

मी तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेत मराठी शिकवते. दरवर्षी नववीच्या मुलांना दूरचित्रवाणी शाप की वरदान हा निबंध घालते आणि मुलं दरवर्षी माझ्या तोंडाकडं बघून शाप लिहितात. बाईंना काय आवडतं हे त्यांना ठाऊक असतं.

मालिकांबद्दलची माझी मतं पक्की होती आणि त्यातली बरीचशी अजूनही आहेत. एक जण एक वाक्य बोलतो, मग घरातल्या झाडून सगळ्यांचे चेहरे दाखवतात. प्रत्येक चेहरा तीन-तीनदा, आणि दर वेळी वीज पडल्यासारखा आवाज. बायका झोपतानासुद्धा शालूत. कारस्थान करणारी बाई मनातलं सगळं भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं बोलते, पण शेजारच्या खोलीत कुणाला ऐकू जात नाही. गाण्यांच्या स्पर्धा तर त्याहून वर. पोरगी गायला उभी राहिली की आधी तिचं पत्र्याचं घर दाखवायचं, मग चुलीपुढं बसलेली आई, मागं बासरी, आणि परीक्षकांच्या हातात आधीच रुमाल. गाणं राहतं बाजूला. आमच्याकडं टीव्ही होता तो बातम्यांपुरता. बाकी नवऱ्याला सुट्टी असली की क्रिकेट.

मग आप्पा आले.

आप्पा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून झाली. दौंडला आमचं घर, तिथून ते तिन्ही पाळ्यांना जायचे. माणूस बोलका. विहारात वंदनेनंतर कुणी थांबलं की आप्पांशी बोलता बोलता स्वयंपाकाची वेळ टळून जायची आणि आई दारात येऊन उभी राहायची. निवृत्त झाले त्याच वर्षी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा गळाला. आमच्याकडं म्हणतात तसं, अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं. पाय लवकर सुधारला, हात थोडा सुधारला. बोलणं मात्र गेलं ते गेलंच.

गेलं म्हणजे एकच शब्द उरला. “चालू.” कंपनीत मशीन सुरू केल्यावर ओरडून सांगायचा तो शब्द. पाणी हवं असलं तरी चालू, नको असलं तरी चालू, आईवर चिडले तरी चालू. आपण काय बोलायला गेलो आणि तोंडातून काय आलं, हे त्यांना कळायचं. डोळ्यांत दिसायचं ते. मग ते तोंड मिटून घेत.

आईला एकटीला ते सगळं झेपेना, म्हणून दोघांना मी तळेगावला आणलं. शिरूरला बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांच्याकडं न्यायला लागले. मॅडम चांगल्या होत्या, तरुण, गोड बोलणाऱ्या. त्यांनी चित्रांची कार्डं दिली. कप, चमचा, छत्री, मांजर. “रोज घरी म्हणवून घ्या, आणि त्यांना वेळ द्या,” म्हणाल्या. मी शाळेतून आले की कार्डं घेऊन बसे. आप्पा पहिल्या दिवशी बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं एकेक कार्ड उचलून पालथं घातलं. एवढाल्या टाक्या सांभाळलेल्या माणसापुढं मी मांजर धरत होते. मलाही कसंतरीच झालं.

आणि वेळ देणं म्हणाल तर ते फार अवघड असतं. भेटायला येणारा प्रत्येक जण मोठ्या आवाजात, लहान लेकराशी बोलावं तसं विचारायचा, “काय आप्पा, बरंय का?” आणि दोन क्षण थांबून स्वतःच उत्तर द्यायचा, “बरंय, बरंय.” आम्हीही तेच करत होतो. गप्प बसलेल्या माणसासमोर थांबवत नाही.

आमच्या शेजारी एक काकू राहतात. घरची ऊसशेती, पोरगा सोसायटीच्या राजकारणात, दारात दोन गाड्या. आमची भिंत एक, पाण्याची वेळ एक. रस्त्यात भेटलं की हसून बोलणं, पण त्या आमच्या घरात कधी बसल्या नव्हत्या. आम्ही विहारातली माणसं, त्या देवळातल्या. कुणी कुणाला कधी वाईट बोललं नव्हतं आणि उंबराही कुणी ओलांडला नव्हता. वर्षं तशीच गेली होती.

एका संध्याकाळी त्या दारात आल्या. “बाई, आमच्याकडं पोरांनी म्याच लावलीय, कुणी टीव्हीला हात लावू देईना. माझी सातची मालिका तुमच्याकडं बघू का? आज पाटल्या सापडणार हायत.”

मी नाही कशी म्हणणार? आप्पा खुर्चीत होतेच. काकू त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर टेकल्या. मी आत भाकरी टाकायला गेले आणि कानावर मालिका पडत राहिली. खरं म्हणजे मालिकेपेक्षा काकूच जास्त. त्या टीव्हीशी भांडत होत्या. “आगं तिला काय इचारती, तिनंच लपवल्यात! डोळं हायत का बटणं?”

पाटल्या त्या दिवशी सापडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. काकू रोज येऊ लागल्या. आई पहिल्या दिवशी चहा विचारायला बिचकली होती. तिसऱ्या दिवशी न विचारताच तिनं कप पुढं ठेवला. काकूंनी टीव्हीवरची नजर न काढता तो उचलला आणि प्यायल्या. आईनं माझ्याकडं पाहिलं, मी आईकडं. 

काकूंना आप्पांच्या आजाराचं कळलं होतं, पण त्यांच्या वागण्यात ते कुठं दिसत नव्हतं. मालिका बघणाऱ्या माणसाला बरोबर एक माणूस लागतो, आणि खुर्चीत एक माणूस होता. त्याला बोलता येतं का नाही हा त्यांच्या दृष्टीनं नंतरचा प्रश्न होता. जाहिराती लागल्या की त्या सरळ आप्पांकडं वळायच्या. “आप्पा, तुमाला काय वाटतं? धाकली खरं बोलतीय का न्हाई?” आणि थांबायच्या. जाहिराती चालू असेपर्यंत त्यांना दुसरं काम नव्हतं. साबण जायचा, चहापत्ती जायची, बँक जायची, पंखा जायचा, काकू आप्पांच्या तोंडाकडं बघत बसलेल्या. आप्पा म्हणायचे, “चालू.” काकू म्हणायच्या, “मलाबी तसंच वाटतं.” आणि मालिका पुढं सुरू.

काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की आप्पा साडेसहापासूनच दाराकडं बघतात.

ती संध्याकाळ मला स्वच्छ आठवते. मी वांग्याची भाजी हलवत होते. मालिकेत धाकट्या सुनेला घराबाहेर काढायची वेळ आली होती. जाहिराती लागल्या. काकू तावातावानं म्हणाल्या, “आता तुमीच सांगा आप्पा, पाटल्या कुणी लपवल्या?”

काकू थांबल्या. साबणाचं गाणं. दुचाकी. आणखी काहीतरी.

“थोरली,” आप्पा म्हणाले.

जड जिभेनं, पण पूर्ण शब्द. थोरली. माझा हात थांबला. आई पीठ मळत होती, तिनं तोंडावर पदर धरला, तशाच पिठाच्या हातानं. मी बाहेर धावणार होते, पण काकूंचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा. “व्हय ना! मग मी काय म्हंते तवापासनं! आन् ती सासू आंधळी हाय का?”

त्यांनी कौतुक केलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत, आम्हाला हाक मारली नाही. आप्पांचं मत त्यांना पटलं, बस. आणि आप्पा, ज्यांना दोन महिन्यांत काकूंखेरीज एकाही माणसानं असं मत विचारलं नव्हतं, खुर्चीत जरा सरळ होऊन बसले. भाजी त्या दिवशी खाली लागली. सगळ्यांनी खाल्ली.

पुढच्या खेपेला मी शिरूरच्या मॅडमना सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, “कार्डं ठेवून द्या, मालिका चालू ठेवा.” मग त्यांनी समजावलं. मी लावून द्यायचे त्या बातम्या आप्पांना का कळत नव्हत्या, तर त्या धावतात. मालिका धावत नाही. काल काय झालं ते आज पुन्हा सांगते. तेच वाक्य तीन माणसं तीनदा बोलतात. कोण रागावलंय, कोण खोटं बोलतंय ते चेहरा जवळ आणून दाखवते. मी ऐकत होते. ज्या ज्या गोष्टींवर मी वर्गात हशा पिकवायचे, नेमक्या त्याच गोष्टींना धरून माझे वडील एकेक पायरी वर येत होते.

त्यानंतर शब्द येऊ लागले. सगळे मालिकेतले. सासू, खोटी, पाटल्या, नालायक. ‘नालायक’ फार लवकर आला. आई म्हणायची, “पाणी म्हणता येईना, आन् शिव्या बघा.” पण पाणीही आलं मागून.

शनिवार-रविवारी मालिका नसायची, गाण्याची स्पर्धा असायची. काकूंना सवय झाली होती, त्या तेव्हाही यायच्या. त्यात एक पोरगी होती, कुठल्याशा खेड्यातली, सावळी, गाताना डोळे मिटून घेणारी. ती गाऊ लागली की आप्पा गुणगुणायचे. एकदा तिनं जुनं गाणं धरलं आणि आप्पा शब्दांसकट गाऊ लागले. ज्यांना ‘भाकरी दे’ म्हणता येत नव्हतं त्यांनी अख्खं कडवं म्हटलं. मॅडम म्हणाल्या, असं होतं, गाण्याची जागा डोक्यात वेगळी असते. होत असेल. आम्ही तिघी मात्र त्यांच्याकडं बघतच राहिलो.

त्या पोरीचं पत्र्याचं घर त्यांनीही दाखवलं. बासरीही वाजवली. मी नाक मुरडलं, माझं मत काही बदललं नव्हतं. पण आप्पांनी माझा फोन मागितला. “मत,” म्हणाले. “माझं. मत.” मी फोन त्यांच्या हातात दिला. डाव्या हाताच्या बोटानं, चुकत, पुन्हा मागं येत, त्यांनी त्या पोरीला मत दिलं. मी मदतीला हात पुढं केला तर झिडकारला. मग दर आठवड्याला हे ठरलेलंच झालं. दुखण्यानंतर कुणाच्या मदतीशिवाय त्यांनी केलेलं ते पहिलं काम असावं.

पोरगी बाहेर पडली. परीक्षक रडले, निवेदक रडला. आप्पा रडले नाहीत. ते लाल झाले. खुर्चीच्या दांडीवर हात आपटून म्हणाले, “ह्ये... बरूबर न्हाई.”

“आजाबात न्हाई!” काकू म्हणाल्या.

अख्खं वाक्य होतं. मी त्या कार्यक्रमाला जन्मभर नावं ठेवीन, ती मतं मोजतात तरी का, याचीही मला शंका आहे. पण माझ्या वडिलांना एवढा राग आणल्याबद्दल त्या लोकांचे पाय धरावेत असं मला त्या क्षणी वाटलं. आप्पांनी पुढच्या आठवड्यापासून ती स्पर्धा बघणं सोडलं. निषेध म्हणून.

उन्हाळा सरल्यावर आई-आप्पा दौंडला परत गेले. आप्पांनाच जायचं होतं, आणि आता ते तसं सांगू शकत होते. “घरी. माझ्या,” म्हणाले. काकूंच्या घरचं क्रिकेट तोवर कधीच संपलं होतं, तरी त्या आमच्याकडंच येत. आता मालिका संपली की मी आप्पांना फोन लावून काकूंच्या हातात द्यायचे. “बघितलं का आप्पा? काय बाई ही!” पलीकडून शब्द यायला वेळ लागे. काकू फोन कानाला धरून थांबत. त्यांना सवय होती.

मालिका संपणार असं जाहीर झालं तेव्हा काकूंनी मला विचारलं, “बाई, शेवटचा भाग दौंडला जाऊन बघायचा का?” त्यांच्या पोरानं गाडी काढतो म्हटलं तर नको म्हणाल्या, एसटीनं जाऊ. न्हावरा, पारगावचा पूल, चौफुला करत, गाड्या बदलत आम्ही दोघी गेलो. काकूंनी पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घेतल्या होत्या. आमच्या वस्तीत त्या पहिल्यांदाच येत होत्या. गल्लीतल्या बायका दारात आल्या, काकू सगळ्यांशी बोलत सरळ आमच्या घरात शिरल्या आणि आप्पांच्या शेजारची खुर्ची पकडून बसल्या.

शेवटचा भाग अगदी माझ्या मतांना शोभेल असा होता. थोरलीनं हात जोडले, धाकटीनं माफ केलं, सासूला सगळं उमगलं, आणि सगळे एका पंगतीत जेवायला बसले. जाहिराती लागल्या. काकूंनी डोळे पुसले. आप्पांचा जबडा हलत होता. ते शब्द जमवत होते, आम्हा तिघींना ते आता ओळखता येतं. आम्ही थांबलो.

“येवढी वर्सं... भांडल्या,” आप्पा म्हणाले, “आन्... धा मिन्टात... मिटलं?”

काकू आधी बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की शेंगांचं ताट मांडीवरून सांडलं. आप्पाही हसत होते, वाकड्या ओठानं, घशातून आवाज काढून. आई तर भिंतीला टेकून. रात्री काकू आमच्याकडंच जेवल्या, आईच्या हातची भाकरी आणि हरभऱ्याची आमटी, आणि आईच्याच शेजारी अंथरूण घालून झोपल्या.

आप्पा आता पूर्वीसारखे बोलत नाहीत. नावं हरवतात, जावयाला ‘ते’ म्हणतात, दमले की अजूनही चालू निघतं. पण बाहेर पडतात. परवा आईचा फोन आला, तक्रारीचा. आप्पा बाजारात गेले होते, मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी भांडले, पाल्यात माती किती म्हणून, आणि आजूबाजूची माणसं गोळा झाली तरी ऐकेनात.

“लाज आणली बघ,” आई म्हणाली.

“काय काय बोलले?” मी विचारलं. “सगळं सांग. पहिल्यापासून.”