व्याही रुसले नाहीत ती दिवाळी

आमच्या व्याह्यांइतका रुसका माणूस अख्ख्या मुंबईत झाला नाही, आणि होणारही नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला फिटर. ते मुलुंडचे, कचेरीतले हेडक्लार्क. पोर त्यांच्या घरी दिली तेव्हापासून सतरा वर्षं त्यांनी मला एक सण सुखाने जाऊ दिला नाही. पंख्याखालची खुर्ची दुसऱ्याला मिळाली, रुसले. चहा आधी माझ्यापुढे आला, रुसले. पत्रिकेवर नावाआधी 'श्री.' लिहायचं राहिलं तर लाल शाईने लिहून पत्रिका परत पाठवायचे. पण खरा जीव नारळात. दिवाळीला मानाचा नारळ देताना शेंडी त्यांच्याकडेच हवी. मीही हट्टी, दरवर्षी मुद्दाम माझ्याकडे करून धरायचो.

"व्याहीबुवा, चौथीत नारळ धरायला शिकवत नाहीत वाटतं?"

"शिकवतात हो. तुमच्या कचेरीत हसून घ्यायला शिकवत नाहीत!"

मग पोर मध्ये पडायची, नारळ फिरायचा, आणि त्यानंतरची करंजी काय गोड लागायची!

एका दिवाळीला मी शेंडी उलटी धरली आणि त्यांनी नारळ मुकाट घेतला. "बरं," म्हणाले. आवाज घोगरा, चेहरा सुजल्यासारखा, घामाच्या दिवसांत अंगात स्वेटर. माझं नावसुद्धा त्यांना जरा आठवावं लागलं. पोर खूश. "बाबा, वयाने निवळले हो. घरात कशी शांतता आहे!" मीही छाती फुगवून निघालो. जिंकलो एकदाचा! पण बोरिवलीच्या बसमध्ये फराळाचा डबा मांडीवर घेऊन बसलो आणि जिंकल्यासारखं काही वाटेना. सकाळी पोरीला फोन केला, "त्यांना डॉक्टरकडे ने."

"भांडले नाहीत म्हणून?"

"होय गो, म्हणूनच!"

ती हसली. मग मीच मुलुंडला जाऊन त्यांना दवाखान्यात नेलं. स्वेटर सांगितला, विसरणं सांगितलं, नारळही सांगितला. डॉक्टर हसले नाहीत. रक्त तपासलं आणि म्हणाले, "गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली आहे. तिचं हार्मोन कमी पडलं की मेंदूही पेंगतो. घरच्यांना वाटतं, म्हातारपण."

"माणूस परत येईल ना, साहेब?" मी विचारलं.

"हळूहळू येईल. गोळी रोज उपाशीपोटी, चहा नंतर."

चहा नंतर म्हटल्यावर व्याह्यांच्या कपाळाला बारीक आठी पडली. तेवढ्यावर मी आशा धरली.

संक्रांतीनंतर एका सकाळी फोन वाजला. "व्याहीबुवा, दिवाळीत शेंडी उलटी होती. मी विसरलेलो नाही." डोळे पुसत पुसत मी त्यांच्याशी मनसोक्त भांडलो.

पुढे पाच दिवाळ्या आम्ही भांडलो. ते जाऊन आता दोन वर्षं झाली. नारळ जावई घेतात. भला माणूस, शेंडी कुठे आहे ते बघतही नाहीत. मी अजून उलटीच धरतो, आणि क्षणभर नारळ सोडत नाही.