एक्क्याऐंशी नंबरचा झगा

"एक्क्याऐंशी नंबर कुणाचा, हे किबुत्झात कुणाला ठावं न्हाई?" पनीना म्हणाली. "गोष्टीत नाव बदललंस, म्हाताऱ्याला दाढी चिकटवलीस. आन् नंबर तसाच ठेवलास व्हय गं? बाई हाईस का म्हस?"

योखेवेदनं हातातली चादर पुन्हा पिळली. ती आधीच पिळलेली होती.

इस्रायलमधल्या त्या सामाईक शेतवसाहतीच्या धुलाईघरात दोघी सतरा वर्षं कामाला. सगळ्या वसाहतीचे कपडे एकत्र धुतले जात, म्हणून ज्याच्या त्याच्या कपड्यावर नंबर शिवलेला. योखेवेद रुमानियातून आली तेव्हा तिला हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं. खिशात विसरलेल्या चिठ्ठ्या वाचून ती भाषा शिकली, आणि पुढं त्याच भाषेत कथा लिहू लागली. दोन पुस्तकं झाली. मग सभेनं हात वर करून तिला आठवड्यातला एक दिवस लिहायला दिला. तो दिवस अजून काहींच्या डोळ्यांत सलत होता.

एक्क्याऐंशी नंबर हासियाचा, म्हाताऱ्या तान्खुमच्या बायकोचा. ती जाऊन तीन वर्षं झाली, तरी तिचा झोपायचा झगा दर आठवड्याला तान्खुमच्या गाठोड्यातून धुवायला येई. दोघी तो मुकाट धूत, घडी घालून देत. बाहेर ब्र नाही. आणि योखेवेदनं त्याची कथा केली. नंबर लिहिताना हात अडखळलाही नाही. संपादकानं नेमकी तीच ओळ वाखाणली, तेव्हा ती दिवसभर हवेत होती.

शुक्रवारी ती कथा छापलेला पेपर भोजनघरात फिरला. ट्रॅक्टरवाल्यांपैकी एकानं तान्खुमला हटकलं, आज बायको परीटघडीची का म्हणून. चारजण हसले. म्हातारा अर्धं अंडं ताटात ठेवून उठला, तो आठ दिवस जेवायला फिरकला नाही. गाठोडंही आलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी योखेवेद त्याच्याकडं गेली. मागं निवडुंगाला बांधलेल्या दोरीवर झगा वाळत होता. गोठ्यातल्या कडक साबणानं घासून गळ्याची लेस फाटली होती.

"चुकले, तान्खुमकाका," ती म्हणाली. "द्या, मी शिवून देते."

त्यानं चिमटे काढून झगा काखेत घेतला.

"लिवलंस झ्याक. हासिया असती तर रडली असती," तो म्हणाला. "पर तुला लय दिसतंय, पोरी. आता हे मी माझं धुतो. बाकीचं धाडीन."

योखेवेद उताराला लागली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, 'तुला लय दिसतंय' हे ती मनात घोळवत होती, पुढच्या कथेत घालायला विसरू नये म्हणून. तिथंच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय म्हणाला?" पनीनानं विचारलं.

"काय न्हाई. गाठोडं धाडतो म्हणाला."

तिन्हीसांजेच्या आत कपडे खणांत लागायला हवे होते. योखेवेदनं ओला एप्रन सोडून कोरडा बांधला, आणि एकोणऐंशीच्या विजारी उचलल्या. तान्खुमचा ऐंशीचा खण रिकामा, एक्क्याऐंशीचाही. ब्याऐंशीचे मोजे जोडीनं लावायचे होते. ते ती लावत बसली.