मागचा दिवा

वसंतरावांच्या अंबरपेठच्या घरी पाहुणा आला की आधी खुर्ची रिकामी करावी लागायची, कारण खुर्चीवर दगड असायचे. खिडकीत दगड, फ्रिजवर दगड, न्हाणीघरात बादलीत भिजत घातलेले दगड. त्यांची बायको माधवी आल्यागेल्याला सांगायची, "लोकं हैदराबादेत मोती घेतात हो, माझ्या नशिबी हे आलं." जामबागेकडच्या एका शाळेत भूगोल शिकवण्यात त्यांची हयात गेली आणि सगळे रविवार डोंगरांत गेले. शहराभोवतीच्या हत्तीएवढ्या धोंडी सुरुंग लावून फोडत लोक बंगले बांधत होते, तेव्हा हा माणूस त्याच ढिगाऱ्यात वाकून चमकणारे खडे वेचत होता. खडा सापडला की सरळ जीभ लावायचा. ओला झाल्याशिवाय दगडाचा खरा रंग कळत नाही, असं त्याचं म्हणणं. बघणाऱ्यांना वाटायचं, मास्तरांचं डोकं फिरलं.

अशी डोकी फिरलेले चौघे होते. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले नामदेवराव हे म्होरके. टेलिफोन खात्यातल्या मंगलाताई, ज्यांच्या डब्यातली तांदळाच्या पिठाची सर्वपिंडी दोन दिवस टिकायची आणि पहिल्या तासात संपायची. वसंतराव. आणि वसंतरावांचा शाळेपासूनचा मित्र अविनाश, बरकतपुऱ्यात राहणारा, गोड बोलणारा, सगळ्यांना हवाहवासा.

उघड्यावर सापडेल तो दगड ज्याच्या हाताला लागेल त्याचा. त्यात भांडणं व्हायची, रुसवे व्हायचे, एकमेकांच्या पिशव्या चोरून तपासल्या जायच्या. पण गुहेचा कायदा वेगळा होता आणि तो नामदेवरावांनी घालून दिला होता. गुहेतला खडासुद्धा उचलायचा नाही, गुहेत एकट्यानं शिरायचं नाही, आणि बाहेर पडताना शेवटच्या माणसाच्या हातात नामदेवरावांचा जुना पितळी कार्बाइडचा दिवा द्यायचा. बाकीचे टॉर्च घेऊन पुढे निघत. मागचा माणूस दिवा फिरवून सगळं पाहत यायचा. काही मोडलं नाही ना, कुणाचं काही राहिलं नाही ना. हा मान वर्षानुवर्षं वसंतरावांचा होता. शाळेत मुख्याध्यापक व्हायची पाळी दोनदा हुकली तरी ते कधी कुरकुरले नाहीत, पण त्या दिव्याला त्यांनी कुणाचा हात लागू दिला नसता.

कर्नूलकडच्या चुनखडीच्या टेकड्यांत त्यांना एक गुहा सापडली होती. पोटावर सरपटत आत गेलं की एक दालन लागायचं आणि त्याच्या भिंतीवर एक पांढरंशुभ्र दगडी फूल उमललेलं होतं. पाकळ्या कागदासारख्या पातळ. एक पाकळी अंगठ्यासारखी मागे वळलेली आणि टोकाला तांबूस. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चौघांनीही टॉर्च खाली केले आणि नामदेवरावांच्या दिव्याच्या मंद उजेडात ते पाहत राहिले. मग अविनाश म्हणाला, "माझ्या कपाटात असतं तर!" सगळे हसले. नामदेवराव मात्र हसले नाहीत.

पुढच्या खेपेला फूल नव्हतं. भिंतीवर नुसता खरबरीत डाग आणि खाली पाकळ्यांचा चुरा. मागच्या वेळी शेवटी कोण निघालं होतं, हे विचारायची गरजच नव्हती. आपण निघालो तेव्हा फूल जागेवर होतं, असं वसंतराव छातीवर हात ठेवून सांगू लागले. तेवढ्यात अविनाश मध्ये पडला.

"नामदेवराव, मी याला लहानपणापासून ओळखतो. मुद्दाम करणारा माणूस नाही हा. वळताना पिशवीचा धक्का लागला असेल, अंधारात याला कळलंही नसेल. जाऊ द्या ना, नक्को हा विषय."

वसंतरावांनी कृतज्ञतेनं त्याच्याकडे पाहिलं. आपल्यासाठी कुणीतरी उभं राहिलं, एवढंच त्यांना दिसलं. त्या गोड शब्दांनी आपल्यावर शिक्का मारला, हे त्या भोळ्याच्या लक्षातच आलं नाही. नामदेवरावांनी चुऱ्यातला एक तुकडा उचलला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "जवळ असू द्या मास्तर. पुढच्या वेळी पिशवी सांभाळाल." गुहेतून सगळ्यांदेखत काही बाहेर नेल्याची ती एकच वेळ, आणि तीही शिक्षा म्हणून. परत निघताना दिवा अविनाशच्या हातात गेला. त्यानंतर तो दिवा वसंतरावांकडे कधीच परत आला नाही. नामदेवराव गेले तेव्हाही दिवा अविनाशला द्या, असं सांगून गेले.

वीसेक वर्षं वसंतराव रांगेत मधे चालले. तो तुकडा त्यांनी कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत कापसात ठेवला. हळूहळू तर त्यांना आठवूही लागलं की खरंच, त्या वळणावर पिशवी कुठंतरी घासली होती. माणसाला सगळे मिळून काही सांगू लागले की तो स्वतःचीच साक्ष फिरवतो. अविनाशच्या पोराच्या लग्नात हे दारात उभं राहून पाहुण्यांना पाणी देत होते, अविनाशच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला हेच रात्रभर बाकावर बसले होते. माधवी कधी चिडली की म्हणायचे, "अगं, त्यानं माझी बाजू घेतली होती."

यंदा अविनाशचा मुलगा सारंग आईवडिलांना गच्चीबावलीच्या नव्या फ्लॅटवर न्यायला निघाला. दगड बांधायचे म्हणजे ते काही भांडी बांधण्यासारखं नाही. कुठला खडा कापसात, कुठला भुशात, कुठला नुसत्या कागदात, हे जाणणाऱ्यालाच जमतं. अविनाशनं अर्थातच वसंतरावांना बोलावलं. गुडघे धरून हे बरकतपुऱ्याचे जिने चढले आणि सकाळपासून जमिनीवर बसून एकेक दगड गुंडाळू लागले. काचेच्या कपाटात वरच्या खणात तो पितळी दिवा होता. त्याच्याकडे त्यांची नजर जात होती आणि ते ती खाली वळवत होते. अविनाश बाल्कनीत सामानवाल्याशी तेलुगूत हुज्जत घालत होता.

त्याची बायको शांता आतून आली. तिच्या ओंजळीत काहीतरी होतं.

"भाऊजी, हे देवघरातलं राहिलं बघा. याला तुम्हीच बांधा, माझ्या हातून मोडायचं."

पांढऱ्या पाकळ्यांवर हळदीकुंकवाचे थर बसले होते. उदबत्तीच्या धुरानं बूड पिवळं पडलं होतं. पण एक पाकळी अंगठ्यासारखी मागे वळलेली होती आणि टोकाला तांबूस होती. वसंतरावांनी हात पुढे केलेच नाहीत.

"हे कुठून आलं वहिनी?"

शांता हसली, जरा खट्याळच. "आता मला काय विचारताय? तुम्हीच तं दिलं यांना. यांनी सांगितलं होतं मला तेव्हाच. वसंतानं मोडून आणलं, घरी ठेवायची हिंमत नाही, म्हणून माझ्याकडे दिलं. कुणाला दाखवू नको, त्याची इज्जत जाईल. म्हणून मी आतच ठेवलं, पडद्यामागं. परेशान नका होऊ, मंगलाताईसमोरसुद्धा मी कधी तोंड उघडलं नाही."

वीस वर्षं या घरात ते चहा पीत आले होते. वीस वर्षं ही बाई त्यांना वाढताना मनात म्हणत होती, हा चोर आहे पण आपल्या नवऱ्याचा मित्र आहे, आणि प्रेमानं वाढत होती. वसंतरावांना राग आला होता, हातातला दगड त्यांनी खाली ठेवला.

"मी नाही दिलं," ते म्हणाले. "वहिनी, मी चोरी केलेली नाही. माझ्याकडे याचा फक्त एक तुकडा आहे. तो मला शिक्षा म्हणून दिला होता."

अविनाश बाल्कनीच्या दारात येऊन उभा होता. त्यानं फूल पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"हौ का हो?" शांतानं विचारलं. "खोटं सांगितलं तुम्ही मला?"

"त्या दोन खेपांच्या मधे एका रजेच्या दिवशी गेलो होतो. एकटाच, मोटरसायकलवर," अविनाश शेवटी म्हणाला. "राहवलं नाही वसंता. तू तरी समजून घेशील, तू पण दगडवालाच आहेस. आणि तुझी बाजू मीच घेतली होती ना त्या दिवशी?"

"घेतलीस," वसंतराव म्हणाले. "आणि मी जन्मभर तुझे उपकार मानले. मंगलाताईंना फोन लाव. आत्ता. माझ्यादेखत सांग."

"आता कशाला? म्हातारे झालो आपण. सारंगच्या कानावर जाईल."

"माझं नाव वीस वर्षं बदनाम होत होतं तेव्हा कुणाच्या कानाची काळजी केलीस?"

अविनाश हलला नाही. फोन शांतानं लावला. फूल मांडीवर धरून, डोळे पुसत तिनं मंगलाताईंना दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि फोनचा आवाज मोठा केला.

"वसंतभाऊ आहेत का तिथं?" मंगलाताईंनी विचारलं. "भाऊ, नामदेवराव दवाखान्यात होते ना, मी गेले होते शेवटचं भेटायला. म्हणाले, मास्तरला दिवा द्यावासा वाटतो गं, पण त्यानं एकदा कबूल केलं असतं तर बरं झालं असतं. फार वाट पाहिली म्हणाले."

वसंतराव भिंतीला धरून उठले, गुडघ्यांना वेळ लागला. शांता हात द्यायला पुढे आली, तिचा हात त्यांनी घेतला.

अविनाशनं घाईघाईनं कपाट उघडलं. दिवा काढला, सदऱ्याच्या बाहीनं पुसला आणि पुढे केला. "घे वसंता. तुझाच आहे हा. घेऊन जा."

वसंतरावांनी दिव्याकडे पाहिलं. हात लावला नाही.

"आता कुठं नेऊ याला?" ते म्हणाले. "ज्यांनी माझ्या हातात द्यायला हवा होता, ते गेले."

चपला घालताना मागून अविनाशनं विचारलं, उरलेले दगड बांधायला उद्या येशील ना. दार ओढून घेत ते म्हणाले, "नाही."