लांबवलेला श्रावण

हार्बरफ्रंटला आमच्या ऑफिसच्या खालीच एक आयरिश पब होता. शुक्रवारी सहाला सुटलो की नोकरीसाठी परदेशी आलेले आम्ही पुण्या-मुंबईचे पाच जण तिथल्या लांब बाकावर जाऊन बसायचो. मालक साठीचे आयरिश गृहस्थ. इथल्या रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. एके काळी तिथे उभं राहायला जागा नसे म्हणे. पुढे त्यांचे देशवाले नोकऱ्या आटोपून परत गेले, व्हायोलिनसारखं ते फिडल वाजवणाराही गेला, आणि शुक्रवारी भरलेलं टेबल बहुतेक आमचंच उरलं.

श्रावणात मात्र आमचं पिणं महिनाभर बंद. अंकलना हे समजावलं तेव्हा त्यांनी फार आदराने मान डोलावली. ईस्टरच्या आधी त्यांची आईही असंच काहीबाही सोडायची, म्हणाले.

दोन हजार सोळाचा श्रावण संपला तेव्हा शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर नवा बार उघडला होता. बिअर बेचव होती, पण समुद्र दिसायचा आणि फोटो झकास यायचे. आम्ही निर्लज्जपणे तिकडे सरकलो.

गणपती झाल्यावर अंकल मला एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, जिन्यापाशी भेटले. "तुमचा महिना अजून चालूच आहे?"

आता आम्ही दुसरीकडे जातो, एवढंच सांगायचं होतं. पण तोंडावर नाही म्हणणं आपल्या रक्तातच नाही. मी म्हणालो, "हो ना. आता पितरांचा पंधरवडा, मग नवरात्र. दिवाळीनंतर आलोच."

त्यांचा चेहरा खुलला. "बरं झालं भेटलास. जागेचा करार वाढवायचा की नाही, ते मला उद्या कळवायचंय. तुम्ही येणार असाल तर वाढवतो."

तेव्हाही खरं बोलता आलं असतं. मी पुंगोलला घरी पोचायची घाई दाखवली आणि सटकलो.

दिवाळी गेली. मी ऑफिसात मागच्या दाराने ये-जा करू लागलो. जानेवारीत एका दुपारी नेमकं मागच्याच दारात पबच्या खुर्च्या टेम्पोत चढवणं चाललं होतं. अंकलनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "आमच्या किचनमध्ये तुमच्या धर्माला न चालणारं काही घडलं का? म्हणून तुम्ही यायचे थांबलात का? तसं असेल तर मी मनापासून माफी मागतो."

आजही हे आठवलं की माझी मलाच किळस येते. कारण मी म्हणालो, "इट्स ओके, अंकल." त्यांना माफ करून मी लिफ्टने वर गेलो.